रुमालाखालची गाडी

मामाजी कोणतीही वस्तू आधी मागून बघत. कुलर असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर माणूस. समोरून सगळं जग तोंड धुऊनच उभं असतं, असं त्यांचं मत होतं. मला बघायला आले तेव्हा माझ्या काकांनी पोह्यांच्या बशा फिरवल्या, माझं शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, आणि मामाजी कोपऱ्यातून म्हणाले, "पोरी, अंदर जाय अन् पानी आन बरं." मी गेले, पाणी आणलं. ते त्यांनी प्यायलंच नाही. शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाले, "चाल चांगली हाये." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नानंतर कितीतरी दिवस ते अंगणात असले की मी मागच्या दाराने ये-जा करत होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, किसनराव. आमच्या मंगरूळपीरकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. शेती होतीच, पण त्यांची ओळख बैलांमुळे होती. आसपासच्या गावांत कुणालाही बैलजोडी घ्यायची असली की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, संगं या ना." मामाजी टोपी घालून निघायचे. बैलाभोवती मागून एक फेरी मारायची, त्याला चालवून बघायचं, आणि मग मालकाला एकच प्रश्न विचारायचा: "खोड सांगा." खोड म्हणजे जनावराची वाईट सवय. कुणी मारका असतो, कुणी नांगराला जुंपला की बसकण मारतो. मालक म्हणाला, "याच्यात काहीच खोड नाही," की मामाजी शांतपणे विचारायचे, "मंग इकून काहून राह्यला?" म्हणजे, मग विकतोस कशाला?

मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. पण लोकांची सवय काही गेली नाही. मामाजींना घेऊन लोक फ्रिज घ्यायला जाऊ लागले. आमचे शेजारी दत्तूभाऊ तर चपलासुद्धा त्यांना विचारून घेत. दत्तूभाऊंच्या फ्रिजच्या वेळी मामाजींनी दुकानात फ्रिजच्या पाठीला कान लावला आणि म्हणाले, "याले दम लागते. दुसरा दाखव." दुसऱ्यालाही दम लागत होता. तिसरा अगदी चूप होता, म्हणून तो घेतला. घरी आल्यावर कळलं की तो चूप होता कारण तो बंद होता. दुकानदाराने बदलून दिला, पण मामाजींनी चूक मान्य केली नाही. "खोड घरी आल्यावरच कळते," म्हणाले.

आता गाडीकडे येते. गाडी मला हवी होती, हे आधीच सांगून टाकते. मी शिक्षिका, माझी शाळा आडगावात. सकाळी एसटीने फाट्यापर्यंत, फाट्यावर काळीपिवळी जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. काळीपिवळीत मी शेळीसोबत बसले आहे, दुधाच्या कॅनवर बसले आहे, आणि एकदा नवरदेवाच्या मांडीवर बसता बसता वाचले आहे. मी गुपचूप कारंज्याला मावशीकडे राहून गाडी शिकले, लायसन्स काढलं. पगारातून पैसे बाजूला टाकले. मला एक लहान, उंच गाडी हवी होती. लहान यासाठी की आमच्या गल्लीत वळली पाहिजे, आणि उंच यासाठी की शाळेच्या वाटेवरचा नाला पोटाला न लागता पार झाला पाहिजे. अशा गाड्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात, हे मला मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून कळलं.

पण घरात गाडीचा विषय निघाला आणि ती माझी राहिलीच नाही. माझा नवरा संदीप म्हणाला, सात सीटची घेऊ, लग्नाकार्याला सगळं खटलं जाईल, चालवायला मी आहेच. सासूबाई म्हणाल्या, पांढरी घ्या. दत्तूभाऊ कुंपणावरून म्हणाले, डिझेल घ्या. मी म्हटलं, "शाळेत मला जायचं आहे." संदीप म्हणाला, "मी सोडून देईन ना." हा माणूस सकाळी आठला उठतो. माझी शाळा सातला भरते. मी भांडी जोरात घासली. शेवटी संदीपने नेहमीचा निकाल दिला: "बाबांना नेऊ. ते म्हणतील ती घेऊ." तिथेच मी हाय खाल्ली, कारण बैलाच्या बाबतीत मामाजींची आवड जगजाहीर होती. मोठा, रुंद छातीचा.

रविवारी आम्ही वाशिमच्या शोरूममध्ये गेलो. मामाजी धोतर, कोट आणि नवी टोपी घालून. विक्रीचं काम बघायला पल्लवी नावाची मुलगी होती, कोट घातलेली, हसरी, पाठ केल्यासारखं बोलणारी. "वेलकम सर," म्हणेपर्यंत मामाजी गाडीच्या मागे गेले होते. तिथून त्यांनी हाक मारली, "बाई, इकडे या. इची खोड सांगा."

"सर, या गाडीत काहीच खोड नाही."

"मंग इकून काहून राह्यले?"

पल्लवीला हा प्रश्न बहुतेक ट्रेनिंगमध्ये शिकवला नव्हता. तिने घाईने सनरूफ उघडून दाखवलं. मामाजींनी वर बघितलं. "आमी जिंदगीभर छपराचे भोकं बुजवले," म्हणाले, "अन् तुमी भोकाचे पैसे घेऊन राह्यले." ती म्हणाली, सहा एअरबॅग आहेत. कायच्या पिशव्या, तर हवेच्या, आणि धडक झाली की फुगतात. मामाजींनी विचारलं, "फुगवून दाखवा बरं एक." ती म्हणाली, तसं दाखवता येत नाही. "म्हंजे बिनदाखवल्या मालाचे पैसे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू शोरूम मीच काढलं आहे. एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. गाडी मागे घेताना मागचं सगळं पुढे पडद्यावर दिसतं, हे बघून ते सीटवर हलून नीट बसले. "हे कोन्या शाण्या मानसानं केलं," म्हणाले, आणि पल्लवीला तीनदा मागे-पुढे करायला लावलं.

मग भाव. गाडीवरच्या पाटीवर साडेनऊ लाख होते. पल्लवीने छापून आणलेल्या कागदावर खाली अकरा लाख. आरटीओ, इन्शुरन्स, हँडलिंग, ॲक्सेसरीज, असं ती बोट ठेवून सांगत होती. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटीवर साडेनऊ, कागदावर अकरा. मधातले दीड लाख कुठी चरायले गेले?" ॲक्सेसरीजमध्ये पायाखालच्या मॅटचे पैसे वेगळे आहेत म्हटल्यावर तर ते उभेच राहिले. "बाई, बैल इकला त खुरं त्याच्यासंगंच येतात. खुरायचे अलग पैसे कोन घेते?" सर्व्हिसिंगला आलेला एक गृहस्थ आपली गाडी विसरून आमच्या टेबलाजवळ येऊन बसला.

चालवून बघायची वेळ आली तेव्हा संदीपने किल्लीसाठी हात पुढे केला. आधी मोठी गाडी चालवली, मग लहान. मामाजी आत बसलेच नाहीत. फाटकाजवळ उभे राहून जाणाऱ्या गाडीची चाल मागून बघत होते. परत आल्यावर पल्लवीने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही पण बघता का?" संदीप म्हणाला, "तिला कशाला?" पण तोपर्यंत मी लहान गाडीत बसले होते. मी नाक्यापर्यंत गेले, वळवली, परत आणली. गाडी एकदाही बंद पडली नाही. फाटकात मामाजी होते, आणि ते गाडीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

आत येऊन बसलो. संदीप म्हणाला, "बाबा, मग मोठीच ना?" सासूबाई म्हणाल्या, "पांढरी." मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. माझ्या पगाराची गाडी माझ्यासमोर दुसऱ्याची होत होती आणि मला रडू येत होतं.  मामाजींनी कोटाच्या खिशातून मोठा रुमाल काढला.

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात मिळवतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला काही कळत नाही. आणि एक नियम कडक असतो: रुमालाखाली काय झालं, ते तिसऱ्याने विचारायचं नाही. मामाजींनी आयुष्यभर असाच भाव केला होता. त्यांनी रुमाल हातावर टाकला, हात पुढे केला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की समोर पोरगी आहे. परक्या पोरीचा हात धरायचा कसा? हात तसाच अधांतरी राहिला. पल्लवीला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येते आहे, तिने पाणी आणलं.

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "तू इकडे ये. मी तुले सांगतो, तू इले सांग."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी रुमालाखाली माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याचा हात हातात घेण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, आता आकडा येणार. ते माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "एक बोट मोठी, दोन बोटं लहान. सांग, कोनती पाह्यजे?"

मी दोन बोटं इतकी जोरात दाबली की ते कळवळले.

"लहान," मामाजींनी जाहीर केलं.

संदीप उठूनच उभा राहिला. "बाबा, काहून पण? सात मानसं..."

"रुमालाखाली ठरलं," मामाजी म्हणाले. "आता इचाराचं नाही." आणि संदीपने खरंच विचारलं नाही. मला माझं हसू लपवायला पदर पुरेना.

नंतर खरा भाव सुरू झाला. एक बोट म्हणजे दहा हजार, हे मामाजींनी पल्लवीला आधी समजावलं. मग त्यांनी माझी तीन बोटं दाबली, म्हणजे तीस हजार कमी. मी पल्लवीचा हात रुमालाखाली धरला, पण घाबरून तिचा अख्खा पंजाच आवळला. पल्लवीला वाटलं पन्नास. ती हसत हसत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. आतून आधी कुणाचा तरी मोठा आवाज आला, मग हसणं. ती परत आली ती पस्तीस हजारांची सूट आणि फुकटच्या मॅट घेऊन. मामाजींनी मला शाबासकी दिली नाही. "बोटं मोजून दाबाचे असतात," एवढंच म्हणाले. पण निघताना किल्ली त्यांनी पल्लवीच्या हातून घेतली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवली. "जिची चाल पाह्यली तिनंच न्याव." घरापर्यंत मी चालवली. मामाजी मागे बसून पूर्ण वाटभर मागच्या काचेतून रस्ता बघत होते.

गावात हसं झालं. किसनभाऊ हत्तीसारखी गाडी आणणार म्हणून लोक वेशीवर जमले होते, आणि आली ही चिमुकली. दत्तूभाऊंनी भोवती फेरी मारून निकाल दिला, "भाऊ, जोडी आनाले गेलते अन् गोऱ्हा घेऊन आले." गोऱ्हा म्हणजे अजून नांगराला न जुंपलेलं वासरू. ओट्यावर पुढे हीच मस्करी चालत राहिली. भाऊंची नजर गेली, भाऊंना डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. मला फार वाईट वाटायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "मामाजी, सांगून टाका ना, गाडी मी निवडली म्हणून." ते चिडले. "रुमालाखालचं बाहेर काढतो काय मी? तू जाय, शाळेले उशीर होते." आणि ओट्यावर जाऊन पुन्हा मुकाट्याने ऐकून घेऊ लागले. ज्या माणसाने बंद फ्रिजची चूक कधी मान्य केली नाही, त्याने माझी निवड आपल्या नावावर घेऊन वर्षानुवर्षं टोमणे खाल्ले. त्यांचा मला आलेला सगळा राग त्या ओट्यावर हळूहळू संपला. जे उरलं ते निव्वळ प्रेम होतं, आणि ते मी त्यांना कधी तोंडाने सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. शेवटचे काही महिने दवाखान्यात मीच नेत होते. खड्डा आला की मागून आवाज यायचा, "धीरे." बाकी तक्रार नव्हती.

तेरवीला अंगणात मांडव होता. जेवणं झाल्यावर माणसं पान खात त्यांच्या गोष्टी सांगत बसली. अमक्याची जोडी, तमक्याचा फ्रिज. दत्तूभाऊंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मानूस नजरेचा. सारी जिंदगी एकच पसंती चुकली त्यायची. हे बाहेर उभी हाये ते गाडी."

मी ताटं उचलत होते. ती खाली ठेवली. "दत्तूभाऊ, ती मामाजींची पसंती नव्हती. ती मी निवडली. रुमालाखाली त्यांनी मला विचारलं होतं. आणि चार वर्षं झाली, रोज शाळेत जाते, नाला पार करते, एक दिवस अडली नाही."

 संदीप माझ्याकडे बघतच राहिला. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. दत्तूभाऊंनी पान थुंकलं, उठले, बाहेर गाडीपाशी जाऊन आले, पुन्हा बसले. म्हणाले, "बाई, आमालेही एक घ्याची हाये. येता काय मह्यासंगं वाशिमले?"

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"माही सून. नर्स हाये ना थे, डूटीवर जाते."

"मग तुम्ही घरी राहा," मी म्हटलं. "तिला पाठवा."