मराठीत रस्ता विचारणाऱ्या सिस्टर

सिस्टर परदेशात रस्ता मराठीत विचारायच्या. इंग्रजी येत नव्हतं असं नाही. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा धीट होतं. पण जर्मनीतल्या त्या नदीकाठच्या गावात पहिल्याच सकाळी त्यांनी सायकलवरून चाललेल्या एका आजोबांना हात करून थांबवलं आणि विचारलं, "ओ बाबा, विद्यापीठ कुठंशी आलं?" आजोबांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ते सायकल हातात धरून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आले. मी मागून सारखा "सॉरी, सॉरी" करत होतो. सिस्टर म्हणाल्या, "इंग्रजीत विचारलं की ते बी परके अन् आपण बी परके. मराठीत विचारलं म्हंजे निदान एक माणूस तरी घरचा ऱ्हातो."

आम्ही दोघं नाशिकच्या एकाच रुग्णालयातले. मी तिथे डॉक्टर, त्या मेट्रन. त्यांचं माहेर गोदाकाठच्या सायखेड्याचं, त्यामुळे गोदावरीच्या पलीकडेही मोठ्या नद्या असतात हे त्यांना मनापासून कधी पटलं नाही. आमच्या विश्वस्तांना पेठ तालुक्यात आरोग्यसेविकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढायचं होतं. त्यासाठी कुणीतरी जागतिक आरोग्य या विषयात मास्टर्स करून यावं असं ठरलं. अभ्यासक्रम असा, की पहिलं सत्र एका देशात, दुसरं दुसऱ्या, तिसरं तिसऱ्या, आणि प्रबंध आपल्या गावी येऊन लिहायचा. शिष्यवृत्ती आम्हा दोघांनाही मिळाली. अध्यक्ष म्हणाले, "जो पदवी घेऊन येईल, केंद्र त्याच्याकडे." बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

ते केंद्र सिस्टरांना किती हवं होतं हे सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं. पेठकडच्या बायका भाताची कामं उरकली की द्राक्षाच्या बागांवर मजुरीला खाली उतरतात. त्यात कुणी गरोदर असते, कुणाचं तान्हं पाठीला असतं, आणि तपासणी, लस सगळं मागे डोंगरातच राहतं. सिस्टर म्हणायच्या, "त्यांच्यातल्याच पोरी शिकवून तयार करायच्या. पोरगी बायांबरोबर डोंगरात बी असंल अन् बागंत बी." मला वाचणाऱ्यांपासून काही लपवायचं नाही. केंद्र मलाही हवं होतं. शहरातल्या बाह्यरुग्ण विभागात तेच खोकले तपासून मी विटलो होतो.

माझा स्वभाव असा की मला कशाचंही वाईट वाटतं. म्हाताऱ्या आईला आणि दहावीतल्या मुलीला बायकोवर सोपवून, चाळिशी उलटल्यावर मी शिकायला आलो होतो. तिकडे चांगलं काही खाल्लं की मी घरी फोन करून तसं कबूल करायचो. कुणाचा धक्का मला लागला तर माफी मी मागायचो. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला सॉरी म्हणायचा भत्ता मिळतो का?" मग त्यांनी नियम केला: फुकटचं सॉरी म्हटलं की एक कांदा चिरायचा. त्या हिवाळ्यात माझ्या अपराधी मनावर अख्ख्या वसतिगृहाच्या भाज्या झाल्या. घानाचा एक सहाध्यायी तर जेवायच्या वेळेआधी मुद्दाम माझ्या पायावर पाय द्यायचा.

मोठा घोटाळा मात्र मीच केला. ओळख करून देताना सवयीनं म्हणालो, "या आमच्या सिस्टर." नाशिकमध्ये सिस्टर म्हणजे नर्स, यात कुणाला शंका येत नाही. तिथे अर्ध्या वर्गानं त्यांना माझी सख्खी बहीण ठरवलं आणि उरलेल्या अर्ध्यानं जोगीण, म्हणजे नन. मी खुलासा करायला उठलो तर सिस्टरांनी मला खाली बसवलं. "असू द्या. बहीण म्हणू द्या नायतर जोगीण, दोन्हीकडं मानच हाय. नर्स म्हटलं की लोक आधी बीपी बघायला हात पुढं करत्यात."

त्याची फळं दुसऱ्या सत्रात, थायलंडला मिळाली. तिथल्या कचेरीनं वर्गातलं ऐकून आम्हा 'भावंडां'ना एकच घर दिलं, दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. बायकोला फोन लावून मी अडखळत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर आहेत ना बरोबर? मग मी निवांत झोपते. काळजी तुमच्या एकट्याचीच होती."

घरमालकीण जोगीणवाल्यांच्या पक्षाची निघाली. सिस्टर नोकरीतल्या सवयीनं पांढरी साडी नेसायच्या, आणि तिकडच्या जोगिणीही पांढरंच नेसतात, त्यामुळे तिची खात्रीच पटली. रोज सकाळी ती दारात फुलं ठेवून हात जोडायची. सिस्टरही हात जोडून तिला विचारायच्या, "गुडघा कसा हाय आज?" आणि ती थाई भाषेत गुडघ्याची पूर्ण हकिकत सांगायची. घोटाळा झाला तो सुकटीमुळे. बाजारात सिस्टरांना अगदी आपल्यासारखी सुकट मिळाली, त्यांनी ती खरपूस भाजली, आणि वासानं घरमालकीण वर आली. जोगीण मासळी खातेय हे बघून ती क्षणभर उभी राहिली. सिस्टरांनी पाट सरकवावा तशी खुर्ची सरकवली आणि तिच्या हातावर सुकट ठेवली. दुसऱ्या दिवसापासून फुलं बंद झाली आणि ती स्वतःच जेवायला येऊ लागली.

पण त्याच घरात सिस्टरांच्या डोक्यावर तलवार टांगलेली होती. जर्मनीत संख्याशास्त्राच्या पेपरात त्या नापास झाल्या होत्या. फेरपरीक्षा थायलंडला, आणि तीही एकदाच. त्यातही नापास झाल्या तर शिक्षण तिथेच संपणार होतं आणि केंद्र माझ्याकडे येणार होतं. आणि त्यांना संख्याशास्त्र शिकवत होतो मी.

रोज दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. एकदा सोप्या गणितात त्या चुकल्या आणि मला आतून किंचित हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली. मनात काही ठेवणं मला जमत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "सिस्टर, तुम्ही नापास झालात तर केंद्र मला मिळेल, असं माझ्या मनात येतं."

त्या इतक्या हसल्या की बशीतला चहा साडीवर सांडला. "येऊ द्या की. माझ्या मनात तर रोज येतं, की जिना उतरताना डॉक्टरांचा पाय मुरगळावा अन् त्यांना घरी धाडावं. म्हणून मी काय ढकलून देते का? चला, ते सरासरीचं परत सांगा."

त्या दिवसापासून माझं शिकवणं सुधारलं आणि त्यांचं शिकणंही. प्रत्येक गोष्टीला त्यांनी नातं लावलं. सरासरी म्हणजे गावातलं थोरलं घर. प्रमाण विचलन म्हणजे भाऊबंद त्या घरापासून किती लांब जाऊन राहिलेत ते. आणि आलेखात सगळ्यांपासून दूर, कोपऱ्यात एकटाच पडलेला ठिपका म्हणजे रुसलेला जावई. मी म्हणालो, परीक्षेत असं बोलू नका. त्या म्हणाल्या, "बघू."

फेरपरीक्षा तोंडी होती. परीक्षक थाई बाई, अतिशय कडक. मी बाहेर बाकावर बसलो होतो. बराच वेळ काही ऐकू येईना, मग दाराआडून दोन बायकांचं हसणं आलं. बाईंनी तो एकटा ठिपका दाखवून विचारलं होतं, याचं काय कराल? सिस्टरांनी आधी पुस्तकातलं उत्तर दिलं आणि मग इंग्रजीत सांगितलं, की हा रुसलेला जावई आहे. याला पंगतीतून उठवू नका, आधी का रुसला ते विचारा. बाईंनी त्यांना पास केलं. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झाले पास. आता तुम्ही जिना जपून उतरा."

तिसरं सत्र नेदरलँड्समध्ये गेलं, प्रबंध पेठमध्ये झाला, आणि दोघांनाही पदवी मिळाली. मग विश्वस्तांची बैठक भरली. अध्यक्षांनी आमचं भरपूर कौतुक केलं आणि म्हणाले, "तर केंद्राचे प्रमुख अर्थात डॉक्टर. सिस्टर आहेतच मदतीला."

कोणत्याही देशात गप्प न बसलेली ती बाई समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "नाही. प्रमुख सिस्टर."

"डॉक्टर, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करणार?"

"त्यांनी बोलावलं तर. शनिवारी मी रिकामा असतो."

"लोकांना विचित्र दिसेल हो."

"पेठच्या लोकांना त्याच माहीत आहेत. विचित्र मी दिसेन."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, "बघा बुवा, तुम्हीच म्हणताय," असं म्हणून मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

बाहेर पायऱ्यांवर सिस्टर म्हणाल्या, "आभार मानणार नाय. ते माझंच होतं."

"हो."

"तुम्हालाबी पायजे होतं."

"हो."

"मग आता लय वाईट वाटत असंल."

मी मनात शोधून पाहिलं. "नाही वाटत," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे थर्मामीटर वाचावा तसं बारकाईनं पाहिलं आणि त्या रिक्षा शोधायला निघाल्या.

पुढच्याच महिन्यात त्या पेठला राहायला गेल्या. आमचा वॉर्ड इतका शांत झाला की एक जुना रुग्ण विचारू लागला, रुग्णालय बंद पडतंय का. केंद्राच्या पहिल्या तासाला मी गेलो, पण घाटात बस बंद पडल्यानं पोहोचायला उशीर झाला. खोलीत डोंगरातल्या पोरी दाटीवाटीनं खाली बसल्या होत्या. सिस्टर फळ्यापाशी होत्या. त्यांनी बोलणं थांबवलं नाही, फक्त म्हणाल्या, "डॉक्टर, उशीर झाला. मागं बसा."

मागच्या रांगेतल्या एका पोरीनं सरकून मला सतरंजीचा कोपरा दिला. मी मांडी घालून बसलो. त्या खोलीत माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि इतका मोकळा मी कित्येक वर्षांत कुठे बसलो नव्हतो.