उकंडानं बंद केलेलं औषध

उकंडाला रक्ताच्या पिशव्या नावानं ठाऊक होत्या. मागच्या महिन्याची सोबत हमाली करणाऱ्या देवीलालची, त्याआधीची किसनरावांची. रक्तपेढीत दात्याची पिशवी ठेवून घेतात आणि तपासलेली दुसरीच देतात, हे त्याला माहीत होतं. तरी पोरीच्या हाताला लागलेली पिशवी त्याच्या लेखी देवीलालचीच असे.

उकंडा आर्णीच्या एका जिनिंग कारखान्यात हमाल होता. एक क्विंटल सत्तर किलोची कापसाची गाठ जोडीदारांबरोबर हलवायची आणि ट्रकवर चढवायची, हे त्याचं काम. बोलायचा कमी. पण टोळीत कोणी हात राखून जोर लावला की त्याला तिथल्या तिथे ऐकवायचा. ट्रकमधून सांडलेला कापूस तो पायाखाली जाऊ देत नसे. "कोणीतरी वाकून वेचला हाय तो," म्हणायचा.

त्याची पोरगी दीपमाला सात महिन्यांची असताना पांढरीफटक पडत गेली आणि थॅलेसेमिया हे नाव घरात आलं. तिच्या अंगात रक्त नीट बनत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. उकंडा तेरा वर्षं ते आणत आला. पेढीत साठा नसला की दाता सोबत न्यावा लागे, आणि साठा बहुधा नसेच. दात्याला एसटीत खिडकीची जागा, यवतमाळला उतरल्यावर आधी पोटभर जेवण, मग सुई, मग चहा-बिस्किट, आणि परतल्यावर त्याच्या घराच्या दारापर्यंत सोबत. यात त्यानं कधी कसूर केली नाही.

दोन हजार पाच साली कापूस बुडाला. जिनिंग तीन महिन्यांतच थांबलं आणि टोळीतले अर्धे लोक बायकापोरांसह दुसऱ्या जिल्ह्यांत कामाला गेले. उरलेल्यांतले दोघे पेढीच्या दारातून परत आले, कारण त्यांच्याच अंगात रक्त कमी निघालं. दाता शोधणं हे गाठी उचलण्यापेक्षा जड झालं.

त्याच हिवाळ्यात दीपमालाची फेरिटिनची तपासणी झाली. अंगात लोह किती साचलं, ते त्यावरून कळतं. आकडा आला तीन हजार नऊशे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उकंडाला समोर बसवून सांगितलं. प्रत्येक पिशवीबरोबर जवळजवळ पाव ग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराजवळ ते बाहेर टाकायची सोय नाही. ते यकृतात साचतं, हृदयात साचतं, आणि एक दिवस हृदय थकतं. ते काढायला दिवसातून तीन वेळा कॅप्सूल घ्यायची. या औषधानं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. ताप आला किंवा घसा दुखला की औषध थांबवून लगेच यायचं.

"लघवी लाल होईल. घाबरू नका," डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी दीपमालानं आईला मोरीकडे बोलावलं. मोरीत लाल पाणी होतं. उकंडाही मागून येऊन उभा राहिला.

"देवीलाल चालला," तो म्हणाला.

"काय म्हणता?" प्रभावतीनं विचारलं.

"इतक्या मुश्किलीनं आणलेलं रक्त हाय हे. पोरगी मुतून टाकून राह्यली."

"डॉक्टरनं सांगतलं होतं ना, लाल होईन म्हणून."

"मंग? म्हणजे त्यायले बी मालूम हाय, रक्त जाते म्हणून. त्यायचं काय जाते? आणा लागते मले."

"इचारा तरी एकडाव."

"काय इचारू? डोळ्यानं दिसून राह्यलं."

तो घाबरला नव्हता. घाबरला असता तर धावत दवाखान्यात गेला असता. त्याला संताप आला होता, दुसऱ्याच्या मेहनतीची नासाडी झाली म्हणून. कॅप्सूल त्या दिवसापासून बंद. तिसऱ्या दिवशी लघवी पिवळी झाली आणि आपलंच खरं, अशी त्याची खात्री पटली.

औषध नको म्हटलं तर डॉक्टर कारण विचारतील, म्हणून तो दर महिन्याला औषध घेत राहिला आणि घरी पत्र्याच्या पेटीत टाकत राहिला. आठवड्याची रक्ततपासणी मात्र त्यानं एकही चुकवली नाही. मेहनतीला तो कमी पडत नव्हता. कोणी विचारलं तर 'घेते' म्हणायचं, असं दीपमालाला बजावलं होतं. ती म्हणत होती.

आठ महिन्यांनी फेरिटिन आलं सहा हजार चारशे. डॉक्टरांनी दीपमालाचं पोट दाबून पाहिलं. यकृत वाढलं होतं.

"कॅप्सूल लागू पडत नाही," ते म्हणाले. "आता लोह काढायला पंप. पोटाच्या कातडीखाली सुई, कमरेला पंप, रोज आठ-दहा तास. आठवड्यातले सहा दिवस. नागपूरला चिठ्ठी देतो. बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसल्यावर दीपमाला वडिलांकडे वळली.

"बाबा, सुई लागली त मी घेईन. पण मी गोळी घेतली अन् ते लागू नाई पडली, असं त्या कागदावर लिहू नका देऊ. तुमी सांगता का मी सांगू?"

उकंडा उठला. आत जाऊन टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, चिठ्ठी लिहू नका. पोरीनं चार दिवसच औषध घेतलं. मी बंद केलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "का?"

त्यानं सगळं सांगितलं, देवीलालच्या नावासकट. डॉक्टर हसले नाहीत.

"रक्त नव्हतं ते. औषध लोहाला धरून बाहेर आणतं, त्याचा तो रंग."

"तुमी म्हणता म्हणून?"

"माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. लॅबमध्ये ममताताईंना भेटा."

ममताताईंनी त्याला बाटली दिली. औषध पुन्हा सुरू करायचं आणि पाचव्या दिवशी सकाळची लघवी घेऊन यायची. त्याप्रमाणे तो पहिल्या एसटीनं, बाटली फडक्यात गुंडाळून आला. ममताताईंनी त्याच्याच बोटाला टोचलं, रक्ताचे थेंब मिठाच्या पाण्यात टाकले. एका नळीत ते, दुसरीत दीपमालाची लघवी. दिसायला दोन्ही लाल. मग नळ्या मशीनमध्ये ठेवून गरगर फिरवल्या.

बाहेर काढल्या तेव्हा पहिल्या नळीत रक्त तळाशी बसलं होतं, वर स्वच्छ पाणी. दुसरी वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची. तळाशी काहीच नव्हतं.

"पुन्हा फिरवा," उकंडा म्हणाला.

"दहा वेळा फिरवते. मले का हातानं फिरवा लागते?"

पुन्हा तेच झालं. उकंडानं दुसरी नळी उजेडात धरून पाहिली.

"म्हणजे हे..."

"लोखंड. आठ महिने पोरीच्या अंगात ठेवलं ना भाऊ तुम्ही, ते."

उकंडानं नळी जागेवर ठेवली आणि निघाला.

त्याच संध्याकाळी तो देवीलालच्या तांड्यावर गेला. तांड्यात इतरही माणसं बसली होती. त्यांच्यासमोरच त्यानं आपण काय केलं ते सांगितलं. देवीलालनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मह्या रक्तात लोखंड हाय म्हणते?" तो म्हणाला. "मंग मही पाठ काहून दुखते बे?" माणसं हसली. "अन् दुसऱ्या डाव मले मोरीत नको शोधू. डॉक्टरले इचारत जाय."

"इचारीन," उकंडा म्हणाला.

पंप तूर्त लावायचा नाही आणि चार महिने कॅप्सूल देऊन पाहायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. फेरिटिन खाली आलं नाही तर सुई. मधे एकदा दीपमालाला ताप भरला. उकंडानं औषध थांबवलं आणि मिळेल त्या गाडीनं यवतमाळ गाठलं. पांढऱ्या पेशी ठीक निघाल्या, तेव्हा पुन्हा सुरू केलं. चार महिन्यांत याव्यतिरिक्त एकही कॅप्सूल चुकली नाही.

डिसेंबरात रिपोर्ट आला. दीपमालानं तो स्वतःच वाचला.

"पाच हजार सातशे. सातशेनं कमी."

"म्हणजे पंप नाई?" उकंडानं डॉक्टरांना विचारलं.

"आत्ता नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

"किती खाली आणाचं हाय?"

"हजाराच्या आत. असंच चाललं तर दोन-अडीच वर्षं. शिवाय रक्त चालूच राहणार, म्हणजे लोहही येतच राहणार."

उकंडानं मान हलवली. काम केवढं आहे ते एकदा कळलं की तो पुढं काही विचारत नसे.

दीपमालानं पिशवीतून दुपारची कॅप्सूल काढली होती.

"बाबा, पाणी आणता का? टाइम होऊन गेला."

तो नळाकडे गेला.