उजव्या हाताची फुगडी

आक्का दार उघडायची ती डावा हात कानाशी धरूनच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई फोनवर बोलतेय. हातात फोन नसायचा. मनगटावर कातडीखाली टरारून आलेल्या शिरेला तिनं कान लावलेला असायचा. क्षणभर ऐकून ती मान हलवायची, "हात जागा हाय," म्हणायची आणि मग चपला घालायची.

शहापुरात आमच्या समोरच्या घरात ती राहायची. तुमच्याही गल्लीत अशी एक असेलच, जिचं नाव कुणाला आठवत नाही, पण जी सगळ्यांची आक्का असते. किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातातली धमनी शिरेला जोडून फिस्टुला केला होता. डायलिसिसच्या सुया तिथंच टोचायच्या. तो बंद पडला तर मानेत नळी घालावी लागते, हे तिनं शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं. म्हणून त्या हातात बांगडी नाही, पिशवी नाही, झोपेत त्यावर कूस नाही. हळदीकुंकवाला बायका त्या रिकाम्या हाताकडे बघून कुजबुजायच्या. आक्का उजवा हात खळखळ वाजवून दाखवायची. "दोन्ही हातांच्या ह्यातच घातल्यात. बास?"

एकदा तिनं माझं बोट धरून त्या शिरेवर टेकवलं. मी चटकन मागं घेतलं. मांडीवरचं मांजर घुरघुरावं तसं आत काहीतरी चालू होतं.

"भ्यालीस व्हय गं मास्तरीण? थांबलं की भ्यायचं."

ती घुरघुर माझ्या बोटाला दिवसभर जाणवत होती. अजूनही फळ्यावर लिहिताना मधेच जाणवते.

डॉक्टरांनी चालायला आणि रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. डायलिसिसच्या दिवशी मात्र नुसता आराम. एरवी सकाळी आम्ही दोघी बागेत जायचो, मी कायम तिच्या उजव्या अंगाला. तिथल्या व्यायामाच्या यंत्रांवर ती फक्त पाय चालवायची. एका गृहस्थांना राहवलं नाही. "आक्का, दांडा दोन्ही हातांनी ओढा की, ताकद येईल."

"ह्या हाताची मालकी डॉक्टरकडं हाय. त्येंचं लेखी घेऊन या."

एके दिवशी अंगावर मोटरसायकल आली म्हणून मी पुढं होऊन तिला डाव्या दंडाला धरून ओढायला गेले, तर बाईनं मलाच ढकललं. मोटरसायकल तिच्या लुगड्याला घासून गेली. आधी तिनं हात कानाशी नेला, मग माझ्यावर डाफरली, "गाडीखाली गेलं तर जाऊ दे, पर ह्याला धरू नकोस!" मी संतापले.

तिचं माहेर सांबऱ्याचं. लग्नाआधी फुगडीत तिला कुणी हरवलं नव्हतं म्हणे. "चालणं म्हंजे बाजारला जाणं गं. यायाम म्हंजे फुगडी!" नागपंचमी जवळ आली की ती खिडकीत बसून गल्लीतल्या पोरींकडे बघत राहायची. ते बघणं माझ्याच्यानं बघवायचं नाही. शेवटी एकदा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

त्या बंगळूरकडच्या, फुगडी त्यांना ठाऊक नव्हती. आक्कानं त्यांना खुर्चीतून उठवलं, उजव्या हाताला धरलं आणि तिथंच एक गिरकी मारली. दारातले पेशंट हसायला लागले. डॉक्टरीणबाईही हसल्या, मग गंभीर झाल्या. फक्त उजवा हात. डाव्याला ओढ नको, धक्का नको, पडायचं तर मुळीच नाही. डायलिसिसच्या दिवशी नको. चक्कर वाटली की लगेच बसायचं. "निधान," त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

त्या पंचमीला आक्का गल्लीत उतरली. मोठ्या बायकांनी भीतीनं अंग काढून घेतलं, म्हणून तिनं लहान पोरींना धरलं. डावा हात छातीशी घट्ट आणि उजव्यानं सावकाश फुगडी. "निधान गं, निधान!" ती ओरडायची आणि पोरी खिदळायच्या. माझा जीव मुठीत होता. दमून पायरीवर बसली तेव्हा तिनं हात ऐकला आणि अशी हसली, की मला रडू आलं. पुढं दर पंचमीला ती खेळली.

हात तिला शेवटपर्यंत पुरला. हृदयच आधी थकलं. थंडीचे दिवस होते. तिला आडवं ठेवलं होतं तेव्हा मी हळूच त्या शिरेवर बोट ठेवलं. एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही.

यंदाची पंचमी मी घरात बसून काढणार होते. दुपारी गल्लीतून पोरींचा आवाज आला, म्हणून दारात गेले. जोड्या लागल्या होत्या. धडधाकट पोरी, पण सगळ्यांनी उजवेच हात धरलेले आणि डावे छातीशी आवळलेले.

"अगं, दोन्ही हात धरा की," मी म्हणाले.

"फुगडी अशीच असत्या, बाई," त्यातली थोरली म्हणाली. मग ती एका चिमुरडीकडे वळली. ती पोर गल्लीत नवी होती, तिनं आक्काला पाहिलंही नव्हतं. थोरलीनं तिचा डावा हात दुमडून छातीशी ठेवला.

"ह्याला धक्का लागू द्यायचा न्हाय."

"का?"

थोरलीला ते माहीत नव्हतं. तिनं उजवा हात पुढं केला आणि दोघी सावकाश फिरायला लागल्या.