सव्वा मूठ गहू

कपाटावर बसलेल्या माणसाच्या नावाने आईने गहू मोजले, त्या दिवशी माझा तोल सुटला. कपाटावर कुणी बसलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. तिथे एक जुनी सुटकेस होती आणि उत्तरायण झाल्यावर पोरांनी टाकून दिलेली मांज्याची फिरकी. पण आईला तिथे रोज एक माणूस दिसायचा आणि त्याची ती माझ्यापेक्षा जास्त चौकशी करायची.

आई नुकतीच आजारातून उठली होती. उठली म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आली होती, एवढंच. न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात गेला, नऊ दिवस तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. घरी आणली तेव्हा अंगाने ती आमची आई होती, डोक्याने कुठे होती ते तिलाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, ‘आयसीयूतून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो. काही आठवड्यांत निवळेल. तोवर त्यांच्याशी वाद घालू नका.’ मला ओळखणाऱ्या कुणी मला हा सल्ला दिला नसता.

घरी म्हणजे माझ्या घरी, सुरतेत भेस्तानला. माझा थोरला भाऊ, दादा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला. आई काही त्याच्याबरोबर गेली नाही, आमच्या मागच्याच गल्लीत तिच्या खोलीत एकटी राहिली. ती आजारी पडल्यावर मी साड्यांना लेस लावायचं काम बंद केलं, शिलाईचं मशीन भिंतीला सरकवलं आणि तिथे तिची खाट टाकली. नवरा जवळच्या सचिन गावातल्या कापडमिलमध्ये बारा-बारा तास. म्हणजे खाऊ घालणं, धुणं, पुसणं, हगणं-मुतणं सगळं माझ्याकडे. त्या बदल्यात ती मला ‘नर्सबाई’ म्हणायची, तेही तिचा दिवस बरा असेल तर. दादा एका शनिवारी सफरचंदं घेऊन आला, चार तास बसला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. माझ्या हातची पेज थुंकून टाकणारी आई त्याच्या हातून अख्खं सफरचंद खाऊन मोकळी झाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ताटं आपटली. दादा म्हणाला, ‘तू दमलीस गं.’ मी दमले नव्हते. मी जळत होते.

आता गव्हाचं सांगते. आम्ही मूळ धुळ्याकडचे. श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ मोजतात आणि ते रोट कुळातल्या माणसांनीच खायचे असतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीला ते चालत नाहीत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी सवयीने ताटाकडे हात नेला आणि आईने ताट हळूच बाजूला घेतलं. ती हसत होती. मीही हसले आणि घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

बाहेर जानेवारी होता, पण आईच्या डोक्यात श्रावण लागला होता. सकाळी उशीला टेकून बसवली की ती मांडीतल्या रिकाम्या जागेत हात घालायची, मूठ भरायची, वर चार दाणे टाकायची आणि नाव घ्यायची. पहिलं नाव दादाचं, मग त्याच्या मुलाचं. मग आमच्या वडिलांचं, जे जाऊन सात वर्षं झाली. तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण तिची मोजणी रोज वाढत गेली. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, घेऊन आले, दारातूनच ‘केम छो, बा?’ म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्यांची सव्वा मूठ. व्यायाम शिकवायला येणारा फिजिओ आत. पाण्याचा जार देणारा ओडिया माणूस आत. तिच्या डोक्यात आमचं कूळ सुरतभर पसरलं होतं.

मला आधी हसू यायचं. मग आशा वाटायला लागली. एवढी सगळी दुनिया आत घेतलीच आहे, तर आज ना उद्या माझंही नाव येईल, असं मनाने घेतलं. वय वर्षं बेचाळीस, दोन मुलांची आई, पण सकाळी तिची मोजणी सुरू झाली की मी मिक्सर बंद करायची आणि कान देऊन ऐकायची.

आणि त्या दिवशी तिने कपाटाकडे बघत मूठ भरली.

‘ही कोणाची?’ मी विचारलं.

‘तो बशेल शे ना, त्यानी.’

‘त्यानं नाव काय?’

‘माले काय माहीत? पन बिचारा कवळपासून उपाशी शे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला नाव नाही, जो मुळात नाहीच, त्यालाही गहू! डॉक्टरांचा सल्ला गेला खड्ड्यात. मी खाटेशी जाऊन उभी राहिले. ‘आनि मनं नाव?’

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यापासून इतकं स्वच्छ तिने मला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, ‘तुनं नाव तुना घर मोजतीन.’ म्हणजे सासरी.

तिला महिना कळत नव्हता, आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, नवरा गेल्याचं आठवत नव्हतं. हा एक नियम मात्र पक्का पाठ होता आणि तोही फक्त माझ्यापुरता. त्या दिवशी मी तिचं सगळं केलं, पण एक शब्द बोलले नाही. कपाटावरची सुटकेस काढून पलंगाखाली ढकलली. आई विचारत राहिली, तो माणूस कुठे गेला म्हणून. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवरून कपडे घेऊन आले. हॉस्पिटलमधल्या गारठ्याने बसलेला माझा घसा अजून सुटला नव्हता, आणि दारात माझ्या पाठीमागून ऊन येत होतं. आईने डोळे बारीक केले.

‘कोन? दादा ऊना का?’

नाही म्हणायला हवं होतं. पण वाद घालू नका म्हणाले होते ना डॉक्टर! मी जाड आवाजात म्हटलं, ‘हा, मी ऊनू.’

तिचा चेहरा असा काही उजळला की मला ते बघवेना. मी जवळ बसले आणि हात पुढे केला. मला फक्त एकदा पाहायचं होतं, त्याला ती कसं देते ते. तिने हवेतून मूठ भरली, माझ्या तळव्यावर रिती केली, वर थोडे दाणे घातले आणि माझी बोटं मिटवली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळूच विचारलं, ‘आंडेर आठे शे का?’

लेक इथे आहे का, म्हणजे मी. ‘नही,’ मी म्हटलं.

‘तिनीच मना हात बांधाले लायात.’ ती मनगटं चोळायला लागली. ‘तोंडमा नळी. हात खाटले बांधेल. मी दखं, ती तठेच उभी व्हती.’

खरं होतं. आयसीयूत तिसऱ्या दिवशी तिने घशातली नळी अर्धी ओढून काढली होती. पुन्हा तसं झालं तर जीव जाईल, हात बांधावे लागतील, घरच्यांची सही हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ मी सही केली. नर्स पट्ट्या बांधत होती तेव्हा आई माझ्याकडेच बघत होती. नर्स म्हणाली, ‘औषधांच्या गुंगीत आहेत, यांना यातलं काही आठवणार नाही.’ आणि सगळं विसरलेल्या आईला नेमकं तेच आठवत होतं.

तिच्या जिवासाठीच केलं तिने, असं दादा म्हणून मी सांगू शकले असते. चांगला भाऊ तेच म्हणाला असता. पण इतके दिवस जे आत साचलं होतं ते तोंडावर आलं.

‘तिनी नही, आई. मी सांगं व्हतं. मीच बांधाले लायात.’

मी हे चुकून बोलले नाही. तिने एकदा तरी त्याच्यावर रागवावं, माझ्याकडे फिरवते तशी त्याच्याकडे पाठ फिरवावी, त्याचे गहू परत मागावेत, असं मला मनापासून हवं होतं.

आईने विचारलं, ‘तू सांगं?’

‘हा.’

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ‘मंग काहीतरी इचार करीसनच सांगं व्हई,’ ती म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. इतक्या सहज. मग तिने दोन्ही मनगटं माझ्या पुढ्यात धरली. ‘जरासं दाबी दे. आजून दुखतस.’

मी दाबायला लागले. ती डोळे मिटून पडली, अगदी निवांत. मला हुंदका येत होता, पण तो मी गिळला, कारण माझं रडणं तिने ओळखलं असतं.