उणे चार वर्षांचे वडील

पेपर परत देण्याआधी त्यातल्या गमती मोठ्याने वाचून दाखवायची माझी जुनी सवय आहे. नववीचा वर्ग त्या तासाची वाट बघतो. ज्याची गंमत निघते तेवढा एक सोडून. काल पाळी सुनंदाची होती. मुलाच्या वयावरून वडिलांचं वय काढायचं होतं. तिने काढलं उणे चार, आणि उत्तराखाली पट्टीने दोन रेघाही मारल्या.

"म्हणजे हे गृहस्थ अजून चार वर्षांनी जन्माला येणार," मी म्हटलं. "तोवर मुलाने बापासाठी पाळणा बांधून ठेवायचा का गं?"

वर्ग बाकं बडवून हसला. सुनंदाही हसली; हसावंच लागतं. मला या हशाची चटक आहे. गणिताचा तास रुक्ष असतो म्हणणारे माझ्या वर्गात बसलेले नाहीत.

त्याच रंगात मी फळ्यावर पुढचं गणित सोडवलं आणि शेवटच्या पायरीला सात गुणिले आठ बरोबर चोपन्न लिहून बसले. लक्षात आलं तेव्हा पाठमोरीच थांबले. आता हसतील, म्हटलं. मागे नुसती पेनं चालत होती. वळून पाहिलं, तर अख्खा वर्ग मान खाली घालून चोपन्न उतरवून घेत होता.

सुनंदा पहिल्या बाकावर बसते. तिच्या वहीत आधीच छप्पन्न होतं. तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. छप्पन्नवर काट मारली, शेजारी चोपन्न लिहिलं आणि खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.