दोन ओरखडे

मध्य भारत मोडून नवं राज्य झालं आणि आमची कचेरी भोपाळला निघाली. त्या आठवड्यात मी वडिलांची पितळी दुर्बीण पाटणकर बाजारातल्या एका चष्मेवाल्याकडे नेली. त्याचं नाव मी विचारलं नाही. फोकसची नळी जुन्या ग्रीसनं घट्ट बसली होती आणि आमच्या गच्चीवरून मला समोरचा किल्ला धूसर दिसायचा.

वस्तू हातात येताच फिरवून बघायची त्याची सवय असावी. नळी करकरून हलली. मग त्यानं विचारलं, "वापरायचं कोण?"

"वडील. वारले ते. चष्मा काढून बघायचे."

त्याचा हात थांबला. "मग ही त्यांच्या नजरेवर अडकली होती, साहेब. ती जागा मी आता हलवली. आधी बोलायचं नाही का?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नळीवरची जुन्या ग्रीसची कड त्यानं बराच वेळ न्याहाळली; ती दोन ठिकाणी पुसट दिसत होती, तिथं त्यानं सुईनं एकमेकांजवळ दोन ओरखडे काढले. "यांतला एक त्यांचा. कौनसा, ते मी खोटं नाही सांगणार." मग दाते पुसले, नवं ग्रीस लावलं, स्क्रू कसला. नळी अलगद फिरू लागली.

भोपाळच्या गच्चीसमोर किल्ला नाही, पाण्याची टाकी आहे. फोकस माझ्या नजरेला जुळवला की ती स्वच्छ दिसते. मग मी नळी एका ओरखड्यावर आणतो, नंतर दुसऱ्यावर. टाकी दोन्हीकडे धूसरच. यांतल्या कुठल्या धूसरपणापाशी थांबावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.