मोघम दुखणं

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना देवळीजवळच्या आमच्या गावात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच मुलगी होते. म्हणून आईला वर्ध्याच्या एका डॉक्टरकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. कापूस वेचणीचे दिवस होते, बाबा येणार नव्हते.

"नेमकं कुठं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं अख्खा तळवा पोटावरून फिरवला. "इथं दुखते जी, मंग पाठीत जाते. कधी नुसतं कसंतरीच होते."

"बोट ठेवून दाखवा."

बोट कुठं ठेवावं ते तिला कळेना. मला तिची लाज वाटली. "नीट सांग ना वं," मी खेकसले. डॉक्टरांनी पोट चाचपलंही नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर दोन शब्द लिहिले.

एसटीत मी ते वाचले : कम्प्लेंट्स व्हेग. घरी येऊन डिक्शनरी उघडली. अस्पष्ट, मोघम.

"काय लिहून राह्यला होता वं तो?" आईनं विचारलं.

"तुझं दुखणं मोघम आहे म्हणून."

"मोघम म्हंजे?"

"म्हणजे नक्की असं काही नाई."

बाबांनी ते ऐकलं. त्यानंतर आई जराशी भिंतीला टेकली की ते म्हणायचे, "झालं काय सुरू तुह्यं मोघम?" एकदोनदा मीही हसले. आईनं सांगणंच सोडलं. पोटाशी पदर आवळून शेतात जात राहिली.

उन्हाळ्यात ती पिवळी पडली, तेव्हा नागपूरला नेलं. तिथं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. पोळ्याआधी ती गेली.

पुढं मी सेलूला शाळेत इंग्रजी शिकवू लागले. विशेषणांचा धडा घेताना फळ्यापुढंच ध्यानात आलं, की त्या कागदावर व्हेग हा शब्द कम्प्लेंट्सना, म्हणजे आईच्या सांगण्याला लावलेला होता. दुखणं नाहीच, असा त्याचा अर्थ कुठल्याच डिक्शनरीत नाही. तो मी केला होता. डॉक्टरांनी तिला आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते, हेही खरंच. पण घरात तिचं तोंड बंद केलं ते माझ्या भाषांतरानं.

सुट्टीत मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"तिनंच कधी नीट सांगतलं नाई," ते म्हणाले आणि बैलांना कडबा टाकायला उठले.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी गेले नाही.